बीएससी नर्सिंग घेऊ की घराजवळचं जीएनएम? चार दिवसात ठरवायचंय

गोदाकाठची
नमस्कार सगळ्यांना. मी बीड जिल्ह्यातली आहे, तालुका सांगत नाही कारण आमच्याकडचे बरेच जण इथं असतात. बारावी सायन्स पीसीबी, ५८ टक्के. नीटला २१४ आले म्हणजे एमबीबीएसचा विषय संपला. मामा म्हणतात मॅनेजमेंटमधून बीएएमएस करू, पण पैसे कुठून आणायचे विचारलं की मामांचा फोन कट होतो. नर्सिंगची सीईटी पण दिली होती, स्कोअर मधलाच आहे, लई भारी नाही आणि अगदीच वाईट पण नाही.

आता माझ्यापुढं हे आहे. एक, सीईटीवरून कॅप राउंडला, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, बीएससी नर्सिंग, पण सरकारी लागेल असं वाटत नाही, प्रायव्हेट लागलं तर संभाजीनगर नाहीतर लातूर. दुसरं, आमच्यापासून १४ किलोमीटरवर एक जीएनएम, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं, स्कूल आहे, तिथले एक सर घरीच आले होते, म्हणले ओरिजिनल मार्कमेमो आणि टीसी द्या आणि ११ हजार भरा, सीट लॉक होईल, सोमवारपर्यंत नाही दिलं तर सीट जाईल. पप्पांना हे पटलंय कारण एसटीचा पास काढला की रोज घरी. तिसरं, माझी चुलती आरोग्य सेविका आहे, ती म्हणती एएनएम, म्हणजे आरोग्य सेविकेचा कोर्स कर, दोन वर्षात मोकळी. आणि चौथं नीट रिपीट, ते मला नको आहे खरं सांगायचं तर.

नर्सिंग का, तर मागच्या वर्षी आजी संभाजीनगरच्या घाटी हॉस्पिटलात ॲडमिट होती ११ दिवस, मी तिच्याजवळ होते. आजीच्या हाताला शीरच सापडत नव्हती, हात म्हणजे नुसती कातडी. एक सिस्टर आली, आजीचा हात आपल्या हातात घेऊन चोळत बसली, कुठलं गाव, किती नातवंडं, कापूस किती झाला असं काय काय विचारत होती आणि आजी सांगत होती, आणि आजीला कळायच्या आत सलाईन चालू. तेव्हाच ठरवलं. पण घरी म्हणतात त्यात काय शिकायचंय, बेडपॅनच उचलायचंय ना.

तर नेमका फरक काय आहे बीएससी आणि जीएनएममध्ये? नोकरी सारखीच लागते का? वर्ष वाया जाईल का? कोणीतरी नीट सांगा, गूगलवर सगळे कॉलेजवाल्यांचेच व्हिडिओ आहेत.

---

रातपाळी_सिस्टर
आधी एक काम कर. ओरिजिनल कोणालाही द्यायचे नाहीत. आज नाही, सोमवारी नाही, ते सर परत आले तरी नाही. एकदा का मार्कमेमो आणि टीसी त्यांच्या कपाटात गेले की कॅपला सीट लागली तरी तुला ते सोडवायला पूर्ण वर्षाची फी मागतील. माझ्या मैत्रिणीच्या बहिणीचं झालंय, तीन महिने हेलपाटे मारले. झेरॉक्स दे म्हणावं, फार तर अटेस्टेड.

आता तुझा प्रश्न. मी जीएनएम केलेली आहे, २००९ ची बॅच, आमच्या वेळी ते साडेतीन वर्षांचं होतं, आता तीन झालंय. पास झाल्यावर पहिली नोकरी एका खासगी दवाखान्यात, पगार ९ हजार, त्यातून मेसचे कापून हातात सात. दोन वर्षं तिथं काढली, मग सरकारी भरतीत नंबर लागला, आता मुंबईत अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स आहे. नंतर नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक बीएससी केलं, ते आणखी दोन वर्षं. म्हणजे डिग्री माझ्याकडे पण आहे आणि जी आज १८ वर्षांची पोरगी चार वर्षात घेते ती मी साडेपाच वर्षात घेतली, मधे नोकरी, लग्न, एक बाळंतपण.

वॉर्डात विचारशील तर कोणी विचारत नाही तू बीएससी की जीएनएम. सलाईन संपलं की दोघींनाही सारखीच हाक येते "ओ सिस्टर". राज्य सरकारच्या भरतीत अधिपरिचारिकेला दोन्ही चालतात, पगाराची श्रेणीही तीच, ३५,४०० पासून सुरू, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. म्हणून जे लोक म्हणतात जीएनएम म्हणजे कमी, त्यांचं ऐकू नको. माझ्याबरोबरच्या बीएससी झालेल्या पोरींना पहिल्या सहा महिन्यात मीच शिकवलंय ट्रॉली कशी लावायची ते.

पण, आणि हा पण मोठा आहे, फरक पुढं लागतो. एमएससी करायचं तर आधी बीएससी नाहीतर पोस्ट बेसिक पाहिजेच. कॉलेजात शिकवायला जायचं, बाहेर देशात जायचं, केंद्राच्या नोकऱ्या, तिथं डिग्रीवाली एक पायरी पुढं असते. मला पोस्ट बेसिकसाठी चाळिशीकडं झुकलेलं असताना परत फिजिओलॉजीचं पुस्तक उघडावं लागलं, पोरगी शेजारी बसून पाढे म्हणायची आणि मी नेफ्रॉन. तुला आत्ता चान्स असेल तर आत्ताच करून टाक.

---

ब्रदर_आयसीयू
बीएससी. विषय संपला 😄

बरं जरा सविस्तर. मी पुण्यात आयसीयूला आहे, बीएससी २०१८. एम्सची नॉरसेट परीक्षा असते नर्सिंग ऑफिसरसाठी, नागपूरचं एम्स पण त्यातूनच भरतात. तिथं बीएससी असेल तर रजिस्ट्रेशन झालं की लगेच बसता येतं. जीएनएम असेल तर किमान ५० बेडच्या हॉस्पिटलमध्ये दोन वर्षांचा अनुभव लागतो. आता हिशोब कर, जीएनएम तीन अधिक अनुभव दोन, पाच वर्षं, आणि बीएससी चार. म्हणजे लवकर मोकळं होतो म्हणून जीएनएम घेणारे इथं उलट मागे पडतात. बेसिकच ४४,९०० आहे तिथं, लेव्हल ७. रेल्वेच्या नर्सिंग पोस्टला पण तीच लेव्हल आणि तिथं जीएनएम चालतं, पण जागा निघतात कधीतरी.

तू मुलगी आहेस तर अजून एक फायदा, नॉरसेटला ८० टक्के जागा मुलींना आणि २० टक्क्यात आम्ही सगळे ब्रदर लोक मारामारी करतो. तिसऱ्यांदा देतोय मी. असो.

आणि ५० बेड हे लक्षात ठेव, कारण गावाकडचे निम्मे दवाखाने २० बेडचे असतात, तिथला अनुभव दाखवता येत नाही, कितीही घाम गाळा.

---

गोदाकाठची
ताई, दादा, थँक्यू. ओरिजिनल दिले नव्हते नशिबाने, पप्पा आजच देणार होते, मी पेटीला कुलूप लावून किल्ली आजीकडं दिलीय 🙈

पण फीचं काय? जीएनएमवाले सर वर्षाला ७० हजार म्हणले. बीएससी प्रायव्हेटला लाखाच्या वर आहे आणि होस्टेल मेस वेगळं. आम्ही ओबीसी, पप्पांचं उत्पन्न दाखला काढला तर लाखभर पण नाही, दोन एकर कोरडवाहू आणि पप्पा टेम्पोवर जातात. आणि माझं इंग्लिश कच्चं आहे, बीएससीला सगळं इंग्लिशमध्येच असतं ना? नापास झाले तर घरचे म्हणतील सांगितलं होतं.

---

ट्यूटर_मॅडम
मी नर्सिंग कॉलेजला शिकवते, कुठल्या ते सांगत नाही, आमच्याकडं ये म्हणून पण सांगत नाही.

फीबद्दल नीट ऐक कारण इथंच बरेच पालक फसतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे, आधी ५० टक्के होती. पण अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. संस्थेच्या कोट्यातून, मॅनेजमेंटमधून घेतला तर एक रुपया मिळत नाही. म्हणजे तुझ्या घरी आलेले सर जी सीट "लॉक" करतायत ती कुठल्या कोट्यातली आहे हे पहिल्यांदा विचार, आणि तोंडी नाही, कागदावर. कॅपमधून लागलेली लाखाची सीट तुला फीच्या बाबतीत त्या ७० हजारवालीपेक्षा स्वस्त पडू शकते, आहे की नाही गंमत. होस्टेल आणि मेस मात्र यात नाही. सरकारी वसतिगृहासाठी अर्ज कर, तिथं नंबर नाही लागला तर ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, ती बघ. महाडीबीटीचा, म्हणजे फीचे पैसे ज्या सरकारी पोर्टलवरून येतात त्याचा, फॉर्म वेळेत भरायचा आणि आधार बँकेला लिंक आहे का ते आजच बघायचं, दरवर्षी चार पोरींचे पैसे यातच अडकतात आणि त्या येऊन माझ्यासमोर रडतात.

कागद: डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि जात पडताळणी. पडताळणी झालीय का? नसेल तर अर्ज केल्याची पावती तरी हातात ठेव. वय ३१ डिसेंबरला १७ पूर्ण पाहिजे, तुझं असेलच. मार्कांची अट खुल्या गटाला फिजिक्स केमिस्ट्री बायो आणि इंग्लिश मिळून ४५ टक्के, तुझे एकूण ५८ आहेत पण या चार विषयांची बेरीज वेगळी करून बघ, काहींचे मराठीनं टक्के वर गेलेले असतात.

इंग्लिशची भीती काढून टाक. पहिल्या सेमिस्टरला कम्युनिकेटिव्ह इंग्लिश हा विषयच आहे, कारण सगळ्यांचीच बोंब असते. २०२१ च्या बॅचपासून वर्षाऐवजी सेमिस्टर झालेत, आठ सेमिस्टर, त्यामुळं अभ्यास तुकड्यात होतो. पोरी अडकतात त्या इंग्लिशमुळं नाही, ॲनाटॉमी आणि फिजिओलॉजीमुळं, आणि खरं सांगू का, लॉगबुकमुळं. प्रोसिजर केली पण सही घेतली नाही, मग शेवटच्या आठवड्यात सिस्टरच्या मागं फिरायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बीएससी की जीएनएम हा प्रश्न तू दुसऱ्या नंबरला ठेव. पहिला प्रश्न हा की शिकायला पेशंट आहेत का. नियमाने शाळेचं किंवा कॉलेजचं स्वतःचं १०० बेडचं हॉस्पिटल लागतं. कागदावर ते सगळ्यांचं असतं. तू पप्पांना घेऊन जा, फोन न करता जा, मंगळवार बुधवार असा साधा वार बघ, सकाळी अकराला. ऑफिसात जाऊ नको. सरळ वॉर्डाकडं जा आणि वॉर्डाबाहेरच्या चपला मोज. आपल्याकडं एका पेशंटमागं दोन तरी नातेवाईक असतात, आणि चपला बाहेर काढायला लावतात. जिथं चपलांचा ढीग असेल तिथं पोरी शिकतात. जिथं फरशी चकचकीत आणि चपला चार, तिथं तीन वर्षं पुतळ्यालाच इंजेक्शन देत बसशील.

मग ऑफिसात जा आणि तीन गोष्टी विचार: इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता या वर्षाची आहे का, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची आहे का, आणि बीएससी असेल तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची संलग्नता किती सीटची. जीएनएमची परीक्षा विद्यापीठ घेत नाही, ती नर्सिंग आणि पॅरामेडिकलच्या राज्य मंडळाकडं असते, तर त्यांची मान्यता बघायची. भिंतीवरची फ्रेम बघून खूश व्हायचं नाही, फ्रेमवरचं साल वाचायचं.

---

रातपाळी_सिस्टर
चपलांचं एकदम बरोबर 😂 आमच्या शाळेला जिल्हा रुग्णालय होतं, चपला नाही, वॉर्डाबाहेर अख्खी जत्रा असायची. दुसऱ्या वर्षाला लेबर रूमला पोस्टिंग, एका रात्रीत पाच डिलिव्हरी बघितल्यात. ते शिक्षण कुठल्याच डिग्रीत मिळत नाही.

---

सेविका_काकू
मी एएनएम, उपकेंद्राला २२ वर्षं झाली. इथं सगळे एएनएमला मधे धरतच नाहीत म्हणून लिहिते.

बाळा तुझी चुलती चुकीचं सांगत नाही, ती तिच्या काळाचं सांगती. आमच्या वेळी एएनएम झालं की जिल्हा परिषदेत ऑर्डर यायची. आज आरोग्य सेविकेचा पगार २५,५०० पासून सुरू होतो, वाईट नाही, पण भरती कधी निघंल ते निघंल, आणि तोवर कंत्राटी. एका उपकेंद्राला पाच हजार लोकसंख्या धरतात, प्रत्यक्षात माझ्याकडं आठ आहे. लसीकरण, गरोदर माता, टीबी, सर्वे, आणि आता सगळं मोबाईलमध्ये भरायचं, पाच ॲप आहेत. बाई गरोदर आहे हे मला तिच्या सासूच्या आधी कळतं, आणि नोंद करायला नेट नसतं म्हणून मी पाण्याच्या टाकीवर चढून बसते.

काम मला आवडतं. पण माझ्या डोक्यावर आता सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आलेत, बीएएमएस झालेले नाहीतर बीएससी नर्सिंग झालेले, २५-२६ वर्षांची पोरं. त्यांना २५ हजार आणि कामावर वरचे १५ हजारापर्यंत, कंत्राटीच आहेत ती पण, पण सही त्यांची चालते. मी २२ वर्षांची जुनी आणि सही त्या पोरीची. पोरगी चांगली आहे, मला काकू म्हणती, अडलं की विचारती पण. तरी वाटतंच ना.

बारावी सायन्स झालेल्या पोरीनं एएनएमला जाऊ नये हे माझं मत. ज्यांची आर्ट्सची बारावी आहे आणि घरची ओढाताण आहे त्यांनी जावं, पुढं एएनएमवरून जीएनएम करता येतं. माझ्या पोरीला मी बीएससीलाच घातलंय, तिसऱ्या वर्षाला आहे.

---

नीट_वॉरियर
२१४ म्हणजे बेस आहे, एक ड्रॉप घेऊन ४५० सहज होतील, मी स्वतः दुसरा ड्रॉप घेतोय. नर्सिंगमध्ये आयुष्यभर डॉक्टरची ऑर्डरच ऐकायची ना. आणि मिलिटरी नर्सिंगला पण नीटचाच स्कोअर लागतो, तर रिपीट केलं तर दोन्हीकडं चान्स.

---

रातपाळी_सिस्टर
पोरीनं वरतीच लिहिलंय तिला रिपीट नको आहे, प्रश्न तरी वाचा रे.

मिलिटरी नर्सिंगचं मात्र बरोबर आहे, पुण्यात एएफएमसी या लष्कराच्या मेडिकल कॉलेजला आणि मुंबईत नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलला बीएससीच्या ४०-४० सीट असतात, फक्त अविवाहित मुलींना, नीटच्या स्कोअरवर बोलावतात, मग कॉम्प्युटरवर एक टेस्ट आणि मुलाखत, कोर्स पास झालं की लेफ्टनंट. पण २१४ ला बोलावणं अवघड आहे. आणि डॉक्टरच्या ऑर्डरचं म्हणशील तर रात्री तीन वाजता पेशंटचं बीपी पडलं की डॉक्टरला उठवायचं की नाही, आणि उठवेपर्यंत काय करायचं, हे ठरवणारी मीच असते. माझं निरीक्षण चुकलं तर ऑर्डर यायचीच नाही.

---

राइनकाठी
मी जर्मनीत आहे, बाडेन-व्यूर्टेंबर्गमध्ये, मूळची सोलापूरची. बाहेर देशाचा विषय वर निघाला म्हणून लिहिते, कारण आमच्या गावाकडं आता रोज कोणीतरी फोन करून विचारतं "जर्मनीचं काय". २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने याच राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून एजंट लोकांना ऊत आलाय.

मी बीएससी, माझ्या वॉर्डात केरळच्या दोघी जीएनएम आहेत, दोघींनाही मान्यता मिळाली. म्हणजे जर्मनीत दार दोघींना उघडं आहे. जर्मन भाषा मात्र बी-२ पातळीची लागते आणि ती टाळून कोणी काम होईल म्हणत असेल तर तिथूनच परत फिर. मान्यता येईपर्यंत तुम्ही मदतनीस म्हणूनच धरले जाता, पगार पण तसाच. मी ११ महिने होते तशी. आठ वर्षं आयसीयू केलेली बाई मी, आणि मला कॅथेटर लावायची परवानगी नव्हती, आंघोळी घालायच्या आणि जेवण भरवायचं. वाईट वाटायचं, पण एक सांगते, पेशंटला आंघोळ घालताना पाठीवरची लाल झालेली जागा दिसते आणि बेडसोर तिथंच थांबवता येतो, हे मी भारतात विसरले होते कारण तिकडं ते काम मावशींचं. इथं आंघोळ घालणं हे नर्सचंच काम आहे, त्यात कोणाला कमीपणा नाही. ते बेडपॅनवालं तुझ्या घरच्यांना सांग.

इंग्लंडला जायचं तर त्यांची परीक्षा आणि आयईएलटीएस किंवा ओईटी, जीएनएम चालतं. ऑस्ट्रेलियाला मात्र डिग्रीच मागतात, तिथं जीएनएमवाल्यांना फार फिरवतात.

अजून एक प्रकार सध्या विकतायत, बारावीनंतर थेट जर्मनीत तीन वर्षांचं नर्सिंग शिक्षण, आउसबिल्डुंग म्हणतात. हे खरं आहे, खोटं नाही, शिकताना स्टायपेंड पण मिळतो, २०२४ ला पहिल्या वर्षी कापाकापीच्या आधी तेराशे युरोच्या आसपास होता. पण त्याला जर्मनीत फी नसते. तुझ्याकडं कोणी पाच लाख मागत असेल तर ते पाच लाख शिक्षणाचे नाहीत, त्या माणसाच्या गाडीचे हप्ते आहेत. आणि १८ व्या वर्षी एकटीने, परक्या भाषेत, म्हाताऱ्या माणसांच्या मरणाजवळ उभं राहायचं, हे सगळ्यांना झेपत नाही. आमच्या बॅचमधल्या दोन पोरी सहा महिन्यात परत गेल्या. आधी तिकडंच शीक, दोन वर्षं मोठ्या हॉस्पिटलात काढ, मग ये.

---

गोदाकाठची
सगळ्यांचे रिप्लाय पप्पांना वाचून दाखवले, जर्मनीवाल्या ताईंचा दोनदा. आंघोळीचं ऐकून आजी म्हणली "बघ, मी काय म्हणत होते". ती काहीच म्हणत नव्हती खरं तर.

पप्पांचा आता मुद्दा एकच राहिलाय, रात्रपाळी आणि लग्न. त्यावर काय सांगू?

---

सेविका_काकू
पप्पांना म्हणावं, आमच्या गावात स्थळं आता विचारतात पोरगी नोकरीला आहे का. सरकारी सिस्टर म्हणलं की चहा दोनदा येतो. रात्रपाळी असती, नाही कसं म्हणू, माझी नसती पण माझ्या पोरीची राहील. त्याची सवय होते. कर्जाची होत नाही.

---

ब्रदर_आयसीयू
आणि दादा म्हणून एक, पहिल्याच दिवशी प्रायव्हेटला कोणी बॉण्ड लिहून मागितला, ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतो म्हणालं, तर नाही म्हण. २०१६ मध्ये केंद्राच्या समितीने सांगितलंय ५० बेडच्या आतल्या खासगी दवाखान्यात पण नर्सला २० हजाराच्या खाली देऊ नये, त्याहून मोठ्यात त्याहून जास्त. पाळतं कोण हा वेगळा प्रश्न, पण आकडा माहीत असला की मुलाखतीत मान खाली जात नाही. मला २०१८ ला १४ दिले होते आणि मी थँक्यू म्हणालो होतो, गाढव.

---

गोदाकाठची
अपडेट द्यायला उशीर झाला, रेंज नव्हती आणि मधे पाऊस.

मंगळवारी गेलो होतो मी आणि पप्पा, आधी त्या १४ किलोमीटरवाल्या शाळेत. न सांगता. बोर्डावर १०० खाटांचे रुग्णालय लिहिलंय. वॉर्डाबाहेर तीन चपला होत्या, त्यातल्या दोन वॉचमनच्या. आत गाद्यांवरचं प्लॅस्टिक पण काढलेलं नाही. एका बेडवर एक काका झोपले होते, पप्पांनी विचारलं काय होतंय तर म्हणले काही नाही, आज तपासणीवाले येणार म्हणून बोलवलंय, जेवण आणि ३०० रुपये. पप्पा काहीच बोलले नाहीत. बाहेर येऊन चहा प्यायला आणि म्हणले, तुझी ती चपलावाली मॅडम हुशार आहे.

मग गुरुवारी संभाजीनगरला जाऊन जे कॉलेज मी यादीत दुसरं टाकलं होतं ते बघितलं. चपला मोजता आल्या नाहीत, लईच होत्या, एक म्हातारी तर ढिगात आपली चप्पल शोधत रडकुंडीला आलेली. पोरी निळ्या ड्रेसमध्ये पळत होत्या. एकीला विचारलं कसं आहे तर म्हणली "पाय दुखतात" आणि गेली.

परवा दुसऱ्या राउंडला तेच लागलं. कॅपमधूनच. ऑफिसमध्ये आधी म्हणले पूर्ण फी भरा मग महाडीबीटीचे येतील तेव्हा परत देऊ, मी शासन निर्णयाची प्रिंट काढून नेली होती ती दाखवली, मग साहेब आत जाऊन आले आणि इतर फी तेवढीच घेतली. ट्यूटर मॅडम तुमच्यामुळं. जात पडताळणीची पावती चालली. सरकारी वसतिगृहाचा फॉर्म भरलाय, लिस्ट लागायचीय, तोवर कॉलेजच्या होस्टेलला.

चुलती जरा रुसलीय. मामांचा फोन आला होता, म्हणले बीएएमएसचं बघत होतो मी.

सोमवारी रिपोर्टिंग आहे. यादीत पांढरे बूट, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, पॉकेट डायरी, मच्छरदाणी असं आहे. अजून काय नेऊ?

---

रातपाळी_सिस्टर
शाब्बास ग. घड्याळ साधंच घे, पण सेकंदकाटा लांबून दिसला पाहिजे, नाडी मोजताना डोळे बारीक करावे लागले की आकडा चुकतो. केसांच्या काळ्या पिना दोन पाकिटं, त्या कुठं जातात देवाला माहीत. बूट संध्याकाळी घ्यायला जा, सकाळी नाही, पाय सुजलेले असताना मापात बसले ते खरे. एक नंबर मोठे आले तरी चालतील, मोजा घालून भरतात.

---

ट्यूटर_मॅडम
आणि लॉगबुकवर सही त्याच दिवशी. त्याच दिवशी म्हणजे त्याच दिवशी.